प्रोटीनवाली कोल्ड कॉफी घरच्या मिक्सरमध्ये: फेसाळ नको, दाट हवी

खमंगकाकडी

प्रोटीन घातलेली कोल्ड कॉफी घरी करायची म्हटलं की बहुतेक जण दूध, बर्फ, कॉफी आणि डब्यातल्या प्रोटीन पावडरचा एक स्कूप असं सगळं एकदम मिक्सरमध्ये ढकलतात आणि दोन मिनिटं फिरवतात. वर चार बोटं फेस, खाली पाणचट दूध, आणि तोंडात खडू खाल्ल्याची चव. मग "बाहेरच्यासारखी होत नाही" म्हणून नाद सोडून देतात.

माझं म्हणणं असं की दाटपणा आणि प्रोटीन दोन्ही आधी दुधातूनच काढावं. डब्यातली पावडर लागलीच तर वरून घालावी, तीही सगळ्यात शेवटी. पाकृ (पाककृती) देतेय. सुधारणा सुचवा, भांडा, झब्बू (तुमची स्वतःची पाकृ) द्या.

एका उंच ग्लासासाठी: साय काढलेलं गार दूध १५० मिली, चक्का १०० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर २० ग्रॅम (तीन सपाट मोठे चमचे), इन्स्टंट कॉफी दोन छोटे चमचे, भिजवलेले खजूर दोन-तीन, चिमूटभर मीठ, आणि कॉफीचा बर्फ पाच-सहा खडे.

कॉफीचा बर्फ म्हणजे कोरी, बिनसाखरेची कॉफी करून बर्फाच्या ट्रेमध्ये जमवायची. साध्या बर्फाने कॉफी पाणीदार होते आणि मग आपण वर आणखी कॉफी घालत बसतो. हा बर्फ वितळतो तेव्हाही कॉफीच वितळते.

चक्का ताज्या, गोड दह्याचा हवा. दही फ्रीजमध्येच टांगा (मी गाळणीत फडकं घालून खाली पातेलं ठेवते). बाहेर ओट्यावर रात्रभर टांगलंत तर आपल्या हवेत ते आंबतं, आणि आंबट चक्का व कॉफीचं अजिबात जमत नाही. श्रीखंडाला आंबटपणा साखरेत लपतो, इथे लपायला जागा नाही.

कॉफी दोन चमचे कोमट पाण्यात आधी विरघळवून, गार करून घ्या. मीठ त्यातच. मिठाने कडवटपणा बसतो, कॉफी खारट लागत नाही. मिक्सरमध्ये आधी दूध, मग खजूर आणि दूध पावडर. हे गुळगुळीत झालं की चक्का आणि कॉफी, आणि बर्फ सगळ्यात शेवटी, थांबत थांबत.

हिशोब: दुधातून ५ ग्रॅम, चक्क्यातून ७ च्या आसपास, पावडरीतून ७. म्हणजे १९ ग्रॅम प्रोटीन, एकही स्कूप न घालता. आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम दिलंय, म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम. त्यातला दोन पंचमांश एका ग्लासात आला. जिमवाल्यांना आणखी हवं असेल तर अर्धा स्कूप व्हे (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची डब्यातली पावडर) वरून, की ३० च्या पुढे जातं.

वर जायफळ किसून. हे ऐच्छिक नाही.

कट्टेकरी

कॉफीत चक्का!! कोथरूडला एमआयटीजवळ दुर्गाच्या कोल्ड कॉफीवर पोसलेल्या पिढीला हे वाचून काय वाटेल याचा विचार केलात का?

पण जायफळाबद्दल शंभर टक्के सहमत. लग्नाच्या पंगतीनंतर मिळायची ती जायफळ-वेलचीची कॉफी आठवली. गार कॉफीत जायफळ घालायचं कधी सुचलंच नव्हतं.

निवळशंख

पाकृ आवडली, क्रम तर फारच. थोडी कारणमीमांसा करतो, कारण दुग्धतंत्रज्ञान हा पोटापाण्याचा विषय आहे.

व्हे प्रोटीन हवा पकडण्यात पटाईत असतं. पात्यांनी द्रवात हवा घुसते, प्रोटीनचे रेणू हवेच्या बुडबुड्याभोवती उलगडून पसरतात आणि बुडबुडा फुटत नाही. म्हणून स्कूप घालून दोन मिनिटं फिरवलं की अर्धा ग्लास फेसच. उपाय सोपा: व्हे शेवटी घाला, सगळ्यात कमी वेगावर पाच-दहा सेकंद, बस्स. तरी फेस आलाच तर ग्लास जरा वेळ तसाच राहू द्या, बराचसा बसतो.

आणि व्हे उकळत्या कॉफीत कधी घालू नका. साधारण ७० अंशांच्या पुढे त्यातली प्रथिनं उलगडून एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात. गुठळ्या झाल्या म्हणून पोषण जात नाही, तो गैरसमज आहे (अंडं उकडल्यावर त्यातलं प्रोटीन कुठे जातं?). पिववत नाही एवढंच.

चक्का आणि दूध पावडर यांनी दाटपणा का येतो? आइस्क्रीमवाले जे करतात तेच. पाण्याच्या मानाने दुधातला घन भाग वाढवला की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि जिभेला मऊ लागतं.

फक्त एक गोष्ट लिहायची राहिली आहे. दूध पावडरीत निम्मी दुग्धशर्करा असते. २० ग्रॅम पावडरीत १० ग्रॅम. साखर घातली नाही म्हणजे साखर नाही असं नव्हे. मधुमेहींनी आणि ज्यांना दुधाने पोट फुगतं त्यांनी पावडर वगळावी, चक्का वाढवावा.

सायसाखर

आमच्याकडे दर रविवारी पनीर होतं. त्याची निवळी मी कणकेत घालते. व्हे म्हणजे तीच ना? मग दुधाऐवजी तीच कॉफीत घातली तर फुकटात प्रोटीन!

निवळशंख

सायसाखर, हा प्रश्न येणारच होता. :) नाव तेच, पण माल वेगळा. चीज करताना रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालून जे पाणी निघतं त्यातही प्रोटीन शंभर मिलीला एक ग्रॅमपेक्षा कमीच. कारखान्यात ते गाळून, आटवून, सुकवून त्याची पावडर करतात तेव्हा कुठे ८० टक्के प्रोटीनचं कॉन्सन्ट्रेट हाती येतं. घरच्या पनीरच्या निवळीत तर त्याहूनही कमी, कारण आपण दूध आधी उकळतो. उकळताना व्हेची प्रथिनं केसीनला (दुधातल्या मुख्य प्रोटीनला) चिकटतात आणि लिंबू पिळल्यावर पनीरबरोबरच वर येतात. म्हणजे तुमच्या पनीरमध्ये व्हे आहेच, निवळीत मुख्यतः दुग्धशर्करा आणि क्षार उरतात.

निवळी कणकेत, आमटीत, भातात घाला, उत्तम. कॉफीत आंबट लागेल.

सायसाखर

अरेरे. बरं, मग पनीरच कॉफीत घातलं तर?

खमंगकाकडी

चालतं. ५० ग्रॅम ताज्या पनीरमध्ये ९ ग्रॅम प्रोटीन. पण आधी थोड्या दुधाबरोबर अगदी लोणी होईपर्यंत वाटावं लागतं, नाहीतर रवाळ लागतं. विकतचं घट्ट दाबलेलं पनीर नको, घरचं, न दाबलेलं, ओलसर. म्हशीच्या दुधाचं असेल तर स्निग्धांशही भरपूर येतो, तो हिशोबात धरा.

बे_एरियाचा_बंडू

इकडे अमेरिकेत हा प्रकार फार सोपा झालाय. गाळून घट्ट केलेलं फेअरलाइफ दूध मिळतं, २४० मिलीच्या कपात १३ ग्रॅम प्रोटीन, शिवाय दुग्धशर्करा काढलेली. ते आणि डब्यातलं ग्रीक योगर्ट घेतलं की चक्का टांगायची गरजच नाही. कॉटेज चीज ब्लेंडरमध्ये घालणारेही खूप आहेत. चव बरी लागते, पण मला त्यातला खारटपणा खटकतो.

माझी पद्धत जरा उलटी आहे. कॉफीचा बर्फ न करता दूधच ट्रेमध्ये जमवतो आणि वरून घट्ट कोल्ड ब्रू ओततो. कोल्ड ब्रूसाठी जाडसर दळलेली कॉफी एकाला आठ पाणी या प्रमाणात भिजवून रात्रभर, १२ ते १६ तास, फ्रीजमध्ये, मग गाळायची. कडवट आंबटपणा कमी येतो त्यामुळे साखरही कमी घालावी लागते. दुधाचे खडे फिरवले की जवळजवळ सॉफ्टी होते. अर्थात माझ्याकडे दणकट ब्लेंडर आहे. भारतातल्या मिक्सरला झेपेल का माहीत नाही.

तारेवरची_कसरत

झेपेल, पण अक्कल वापरून. दुरुस्तीचं दुकान आहे, उन्हाळ्यात बर्फाने मेलेले मिक्सर रोज येतात म्हणून कळवळून लिहितोय.

१. चटणीच्या भांड्यात बर्फ घालू नका. मोठं, द्रवासाठीचं भांडं घ्या.
२. कोरडा बर्फ फिरवायचा नाही. पाती बुडतील एवढा द्रव आधी हवाच. कोरड्या खड्यांचा धक्का थेट खालच्या कपलरला (भांडं मोटरला जोडणाऱ्या दातेरी चकतीला) बसतो आणि त्याचे दात झडतात.
३. बटण उलटं, पल्सवर, दोन-दोन सेकंद. सलग फिरवलं तर मोटर तापते आणि कॉफीही कोमट होते. मग आणखी बर्फ, मग आणखी पाणी...
४. मिक्सर मध्येच बंद पडला, वास नाही, धूर नाही, तर घाबरू नका. बंद करून, प्लग काढून उलटा करा, तळाला लाल बटण असतं. थोडा वेळ थांबून ते दाबा. जास्त भार आला की ते आपोआप पडतं. निम्मे लोक एवढ्यासाठी रिक्षा करून दुकानात येतात.

दुधाचे जमवलेले खडे साध्या बर्फापेक्षा मऊ असतात, त्यामुळे बंडूशेठची पद्धत मिक्सरच्या दृष्टीने चांगलीच आहे. बाहेर काढून पाच मिनिटं ठेवा, मग घाला.

कट्टेकरी

लाल बटण!! तीन मिक्सर बदललेल्या आमच्या मातोश्रींना हे दाखवतो.

रानजाई

थोडं वेगळं. माझं हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी नाश्त्याऐवजी ही कॉफी घ्यावी असा विचार होता. चालेल का?

ज्वारीची_भाकरी

रानजाई, गोळीच्या वेळांबाबत तुमच्या डॉक्टरांना विचाराच, पण आहारशास्त्र शिकल्याने एवढं नक्की सांगू शकते: कॉफी आणि चहातले टॅनिनसारखे घटक लोह शोषू देत नाहीत. एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट दिलंय. शिवाय यात दूध आहे, कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. म्हणून नाश्त्याऐवजी नको आणि गोळीबरोबर तर नकोच. नाश्ता नीट करा, वर लिंबू पिळा. कॉफी मधल्या वेळेला, अकराच्या सुमारास.

त्याच सूचनांमध्ये दिवसाला कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असंही आहे. एक कप इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, फिल्टर किंवा ब्रू केलेल्या कपात ८० ते १२०. काकडीच्या पाकृत दोन चमचे कॉफी आणि वर कॉफीचा बर्फ, म्हणजे एका ग्लासात सहज दोन-अडीच कप झाले. त्यानंतर दिवसभरात ऑफिसचे चार चहा धरा. आणि संध्याकाळी सहाला हा ग्लास पिऊन रात्री अकराला झोप येत नाही म्हणून तक्रार करू नका. निम्मं कॅफीन उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

खमंगकाकडी

ज्वारी, मुद्दा रास्त. ज्यांना संध्याकाळी हवी त्यांनी बर्फ दुधाचा करावा आणि कॉफी एकच चमचा. चिकोरीवाली (भाजलेल्या चिकोरीच्या मुळांची पूड मिसळलेली) घेतली तर कॅफीन आणखी कमी, कारण चिकोरीत ते नसतंच. ब्रू इन्स्टंट किंवा सनराइज या मिश्र कॉफ्या आहेत, नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफी. चिकोरीची जरा जळकट-गोड चव दुधात छान लागते, त्यामुळे मला या प्रकारात मिश्रच आवडते. शुद्धतावाद्यांनी पुढच्या प्रतिसादाकडे वळावे.

बे_एरियाचा_बंडू

वळलो.

निवृत्त_नाना

आमच्या वेळी दूध प्यायचो, भुईमूग खायचो, आणि प्रोटीन हा शब्द शास्त्राच्या पुस्तकाबाहेर ऐकला नव्हता. आता कॉफीतही प्रोटीन, बिस्किटातही, पाण्यातही. हे सगळं विकणाऱ्यांचं खूळ नाही का? रागावू नका, खरंच विचारतोय.

ज्वारीची_भाकरी

नाना, बरंचसं खूळ आहेच. एनआयएनच्या त्याच सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीनचे डबे टाळा असंच म्हटलंय. डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी नीट पोटात जात असतील त्यांना हा ग्लास केवळ आवडीची कोल्ड कॉफी आहे, आणि तसाच प्यावा.

पण दोन प्रकारच्या लोकांना उपयोग होतो. एक, सकाळी पोहे, दुपारी भात-आमटी, रात्री पोळी-बटाटा असं खाणारे. आमटी पातळ असते हो. वाटीभर पातळ आमटीत डाळ किती असते ते स्वतः मोजून पाहा. दुसरे, नाना, तुमच्या वयाचे. साठीनंतर स्नायू झिजत जातात, भूक कमी होते, चावणं नको होतं, आणि मग जेवण चहा-बिस्किटावर येतं. त्यांना पिता येईल असं काही असलेलं बरं. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणं आवश्यक, इथे धाग्यावर नाही.

निवृत्त_नाना

समजलं. मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, दात नाहीत. बर्फ लागला की कळ जाते. बर्फाशिवाय होईल का?

खमंगकाकडी

होईल की नाना. बर्फ पूर्ण वगळा, दूध आणि चक्का फ्रीजमधला गार घ्या, दूध ५० मिलीने वाढवा. कॉफी एक चमचा. खजुराची सालं दाताखाली येऊ नयेत म्हणून एकदा गाळणीतून काढा. माठाच्या पाण्याइतकी गार होते, शिरशिरी नाही. दाटपणा हवा असेल तर दूध पावडर तशीच ठेवा.

डोळस_ग्राहक

डब्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी छापून आली होती. त्यातल्या २५ पावडरींवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. काहींत तर लेबलावर लिहिलंय त्याच्या निम्म्याहून कमी. तेव्हा जिममधला कुणी ओळखीने आणून देतो तो डबा घेऊ नका. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, आयात माल असेल तर आयातदाराचं लेबल, आणि घटकांची यादी वाचा. पहिला घटक व्हे आहे की माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भर), यावरून बरंच कळतं. स्कूप ३३ ग्रॅमचा आणि प्रोटीन १२ ग्रॅम, तर उरलेले २१ ग्रॅम कशाचे याचा विचार करा.

या हिशोबाने काकडीताईंचं 'आधी दुधातून' हे धोरण मला पटलं. साध्या दूध पावडरीत शंभरात ३५ ग्रॅम प्रोटीन आहे आणि तिच्याबद्दल कुणी छाती ठोकत नाही.

मूठभर_शेंगदाणे

आम्ही दूध सोडलेल्यांनी काय करायचं? बदामाच्या दुधाने करून पाहिली, पाण्यात पाणी.

ज्वारीची_भाकरी

बदामाच्या विकतच्या दुधात बदाम फारच थोडे असतात, प्रोटीन नावापुरतं. वनस्पतीजन्य दुधांत प्रोटीनसाठी सोयाचंच खरं, २५० मिलीत ८ ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ गाईच्या दुधाएवढं. बिनसाखरेचं घ्या. घरी काढणार असाल तर एक पथ्य: सोयाबीन भिजवून कच्चं वाटून तसंच कॉफीत घालायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो. दूध काढल्यावर चांगलं उकळा, मग गार करा. उकळल्याने कच्चट वासही जातो.

मूठभर_शेंगदाणे

आणि दाटपणासाठी?

खमंगकाकडी

पंढरपुरी डाळं! म्हणजे भाजलेली हरभऱ्याची डाळ, चिवड्यात घालतो ती. आधी कोरडी अगदी बारीक दळून, चाळून घ्या. दोन मोठे चमचे पीठ सोया दुधात. भाजल्याचा वास कॉफीबरोबर इतका चपखल जातो की दूधवाल्यांनीही करून पाहावं. त्यातून ४ ग्रॅम प्रोटीन. वर एक मोठा चमचा पीनट बटर, बिनसाखरेचं, ४ ग्रॅम. सोया दुधाचे ८ धरून सगळं मिळून १६. पीठ खाली बसतं, तेव्हा लगेच प्यायचं किंवा ढवळत प्यायचं. सातूचं पीठ, म्हणजे उत्तरेतलं चण्याचं सत्तू, असेल तर तेही चालेल. गव्हाचं सातू मात्र नको, चिकट होतं.

घरगुती_आइस्क्रीम

रच्याकने (जाता जाता), दाटपणासाठी गम कुणीच कसा सुचवला नाही? आमच्याकडे आइस्क्रीमसाठी आणलेल्या जीएमएस-सीएमसीच्या (मऊपणा आणि दाटपणा आणणाऱ्या) पुड्या असतात. त्या घातल्या तर?

निवळशंख

जीएमएस इथे निरुपयोगी. ते दुधाबरोबर तापवल्याशिवाय काम करत नाही आणि आपण काहीच तापवत नाही आहोत. सीएमसी चालेल, झँथन गम उत्तम. केकचं सामान मिळतं त्या दुकानात असतो. प्रमाण मात्र ग्लासाला एक अष्टमांश छोटा चमचा, म्हणजे चिमटीहून थोडा जास्त. कोरड्या दूध पावडरीत आधी मिसळून मग द्रवात घाला. थेट दुधात टाकला तर बेडकाच्या अंड्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. जास्त झाला तर कॉफीला लाळेसारखी तार सुटते. सांगून ठेवतो.

विकतच्या ब्लेंडेड कॉफीत शेवटच्या घोटापर्यंत बर्फ आणि कॉफी वेगळी होत नाही, ती अशाच घट्टपणा देणाऱ्या घटकांमुळे. त्यात काही काळंबेरं नाही. गवार गम तर आपल्याच गवारीच्या बियांचा.

आणि फेसच हवा असलेल्यांसाठी: ग्रीक फ्रापे करा. १९५७ साली थेसालोनिकीच्या व्यापारी जत्रेत नेसकॅफेच्या एका कर्मचाऱ्याला गरम पाणी मिळालं नाही, म्हणून त्याने इन्स्टंट कॉफी गार पाण्याबरोबर शेकरमध्ये हलवली, अशी त्याची जन्मकथा सांगतात. इन्स्टंट कॉफीत तेल फार कमी उरलेलं असतं, म्हणून तिचा फेस टिकतो. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांनी हात दुखेपर्यंत फेटलेली डालगोना कॉफी याच तत्त्वावर. पण फेस हवा आणि प्रोटीनही हवं, तर फेस वेगळा फेटून वर ठेवा, खाली दाट कॉफी. दोन्ही एका भांड्यात साधायला जाऊ नका.

घोलवडकर

खजुराऐवजी चिकू. आमच्या डहाणू-घोलवडकडे झाडाखाली पडलेले चिकू कुणी विचारत नाही इतके असतात. पूर्ण पिकलेला, सोललेला, बिया काढलेला चिकू फोडी करून फ्रीजरमध्ये ठेवा. एका ग्लासाला एक मोठा. चिकूची करपल्या साखरेसारखी चव आणि कॉफी, दोघं भावंडं असल्यासारखी लागतात. गोडी येते, दाटपणा येतो, बर्फ कमी लागतो. केळ्याने दाटपणा येतो, पण ते कॉफीला गिळून टाकतं. केळं घातलेल्या कॉफीला मी शिकरण म्हणतो.

प्रोटीन चिकूत नाही, ते दुधातूनच घ्या. आणि कच्चट चिकू अजिबात नको, जीभ धरते.

सायसाखर

घोलवडकर, आजच केली. दूध, चक्का, दूध पावडर, गोठवलेला चिकू, एक चमचा कॉफी, जायफळ. बर्फ दोनच खडे. लेकाने (वय वर्षे १४) विचारलं की आइस्क्रीम कुठून आणलं. त्याला कॉफीशिवायची वाटी दिली होती, हे ज्वारीताईंनी ओरडण्याआधीच सांगते.

चिकूने रंग मात्र मातकट येतो. पाहुण्यांना द्यायची तर वर कोको भुरभुरवा.

बे_एरियाचा_बंडू

इथे चिकू सोन्याच्या भावाने, तोही गोठवलेला, भारतीय दुकानात. तरी आणतो. या धाग्याने महिन्याचं बजेट बिघडवलं.

वसतिगृहवासी

नागपुरात शिकतोय. मेसचं जेवण म्हणजे काय ते सांगायला नको. खोलीत फ्रीज नाही, मिक्सर नाही, इंडक्शन लपवून ठेवलंय. फक्त शेकरची बाटली आणि समोरची डेअरी. यात काही जमेल का? इथे ४५ अंश चाललंय.

खमंगकाकडी

जमेल बाळा. डेअरीतून गार दुधाची पिशवी आणि चक्का किंवा घट्ट दही, जेवढं लागेल तेवढंच, कारण ४५ अंशात उरलेलं तासाभरात जाईल. बर्फ डेअरीवालाच देईल, पण बाहेरचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही. तो बाटलीत न घालता भांड्यात घे आणि बाटली त्यात उभी करून ठेव.

बाटलीत आधी दोन घोट दूध आणि कॉफी, हलव. मग दूध पावडर, पुन्हा हलव. चक्का चमच्याने घोटून सैल करून घाल आणि उरलेलं दूध ओत. पावडर आधी घालून वरून दूध ओतलंस तर तळाशी गोळा चिकटतो, म्हणून द्रव आधी. गोडाला बारीक केलेला गूळ. गारच आहे, दूध फाटणार नाही. व्हेचा डबा असेल तर एक स्कूप शेवटी. शेकरमध्येही फेस येतो, म्हणून तो घातल्यावर जोरात हलवू नको.

वसतिगृहवासी

भारी! धन्स ताई. एकच अडचण, बाटलीला असा वास सुटतो की रूममेटने ती खिडकीबाहेर ठेवायला लावलीय.

निवळशंख

पिऊन झाल्या झाल्या आधी गार पाण्याने खळखळून काढ, मगच साबण आणि गरम पाणी. थेट गरम पाणी ओतलं तर उरलेलं प्रोटीन भांड्याला शिजून चिकटतं आणि वास तिथेच मुरतो. झाकणातली रबरी रिंग टोकदार काडीने काढून वेगळी धू, बहुतेक वास तिच्याखालीच असतो. मुरलेला वास जायला खाण्याचा सोडा आणि पाणी रात्रभर. झाकण उघडं ठेवून वाळव.